लग्नाचे दागिने: सोलापुरात पहिल्यांदाच सराफ कट्ट्यावर जाणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न झालं. दुपारी साडेबाराच्या अक्षता. अक्षता पडल्या, हार घातले, आणि वाजंत्री थांबायच्या आत तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. कानात म्हणाली, "मावशी, ठुशीची दोरी सैल कर गं, श्वास कोंडतोय." दुकानात तिनं तीच ठुशी एसीत बसून, कुडत्यावर, जेमतेम दोन मिनिटं घालून बघितली होती. मांडवात उन्हाचा पारा चाळिशीच्या पुढं, त्यात शालू, मुंडावळ्या, गळ्यात चार हार आणि वरून फुलांची माळ. गळा घामानं भिजलेला आणि ठुशी मानेला रुतलेली.

त्या दिवसापासून कुणीही दागिन्यांबद्दल विचारलं की मी भाव किंवा डिझाइन यांच्याआधी दोन प्रश्न विचारते. हे अंगावर सहा तास राहणार आहे का? आणि लग्नानंतर ती हे कधी घालणार आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं घरात ठरली की अर्धी खरेदी झालीच.

घरातली पेटी आधी उघडा

दुकानात जाण्याआधी दोन्ही घरांतलं जे काही जुनं सोनं मुलीला द्यायचं ठरलंय ते एका चादरीवर मांडा. आजीच्या पाटल्या, आईची बोरमाळ, आत्यानं दिलेली कुडी, सगळं. प्रत्येकाचं वजन करून वहीत लिहा. तोळ्याचा हिशेब करताना एक लक्षात ठेवा: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, हल्ली दुकानात तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. आजी "चार तोळ्यांच्या पाटल्या" म्हणत असेल तर त्या साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या असू शकतात. म्हणून बोलणं तोळ्यात झालं तरी लिहिणं ग्रॅममध्येच करा.

मग जे मांडलंय त्यात काय कमी आहे ते बघा. बहुतेक घरांत गळ्यातलं भरपूर निघतं आणि कानातलं, केसातलं काहीच नसतं. जुना दागिना चांगला असेल तर तो मोडून नवा करू नका, हे माझं ठाम मत आहे. पूर्वीच्या पुतळ्या, पूर्वीचं बोरमाळेचं काम आज करून घ्यायचं म्हटलं तर घडणावळ, म्हणजे दागिना घडवण्याची मजुरी, जास्त पडते आणि तशी सफाईही नेहमी येत नाही. पटवेकऱ्याकडे नेऊन नव्या रेशमात गाठवून घ्या, सोनाराकडून उजळून घ्या. नव्यासारखा दिसतो.

मोडायचंच असेल तर तो लाख भरलेला आहे का ते आधी बघा. जुन्या वज्रटिका, काही गोठ, पोकळ तोडे आतून लाखेनं भरलेले असतात. आमच्या घरातली एक वज्रटीक हातात घेतली की चांगली जड लागायची. मोडायला दिली तेव्हा लाख निघाली आणि काट्यावर निम्म्याच्या आसपास सोनं उरलं. सोनारानं काही चूक केली नव्हती, दागिनाच तसा घडवलेला होता. पण घरात त्यावरून जी नाराजी झाली ती आधी माहीत असतं तर टळली असती. मोड घालताना सोनं तुमच्या समोर वितळवायला सांगा, वितळवण्याआधीचं आणि नंतरचं वजन तुमच्या डोळ्यांदेखत करायला सांगा, आणि शुद्धता मशीनवर तपासून किती आली ते कागदावर घ्या. चांगला सराफ याला कधीच नाही म्हणत नाही.

दोन्ही घरांची रीत विचारा

सोलापुरात हा टप्पा मोलाचा आहे, कारण आपल्या गावात मराठी, कानडी आणि तेलुगू घरं एकाच गल्लीत राहतात आणि सोयरीकही होते. माझ्या पुतणीचं लग्न पूर्व भागातल्या पद्मशाली घरात झालं. आम्ही मराठी पद्धतीनं दोन वाट्यांचं मंगळसूत्र बघून ठेवलं होतं. याद्यांच्या बैठकीत तिच्या सासूबाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडे पुस्तेलु असतात, दोन गोल चकत्या, एक माहेरची आणि एक सासरची, हळदीच्या दोऱ्यात ओवलेल्या. आपल्या दोन वाट्यांमागेही तोच विचार आहे, एक माहेरची, एक सासरची. दोन्ही घरं हसली आणि प्रश्न सुटला. पण आम्ही आधीच पैसे भरून बसलो असतो तर?

म्हणून मंगळसूत्राचा विषय कायम सासरच्यांबरोबर बसून ठरवा. मराठा घरांत कुठं डोरलं लागतं, कुठं वाट्या. लिंगायत घरांत त्यांच्याकडची ताळी असते आणि तिचा आकार घराण्यानुसार बदलतो. जोडव्यांना तेलुगू घरांत मेट्टेलु म्हणतात, कानडीत कालुंगुर. ती कोण आणणार, कोणत्या विधीला घालणार, हे विचारून घ्या. कंबरपट्ट्याची आपल्याकडे फारशी सक्ती नाही, पण तेलुगू घरात वड्डाणम आणि कानडी घरात डाबु हा मानाचा दागिना असतो, आणि तो जड असतो. तो सोन्याचा हवा की मुलाम्याचा चालेल, हे स्पष्ट बोला. इथं संकोच करून चालत नाही. नंतरची कुजबुज त्यापेक्षा वाईट.

मराठी पद्धतीत लग्नात मंगळसूत्र पिवळ्या दोऱ्यात, काळ्या मण्यांत गाठवलेलं घालतात आणि वाट्या उलट्या ठेवतात. नंतर त्या सुलट्या करून सोन्याच्या साखळीत ओवतात. म्हणजे लग्नाच्या दिवशी लांबलचक सोन्याच्या मंगळसूत्राची गरजच नाही. ते पैसे मागे ठेवून वर्षभरानं मुलीच्या आवडीनं साखळी घेता येते. पुष्कळ जण हे विसरतात.

गळ्याचे तीन मजले

आता निवड. मी पोरींना गळ्याचे तीन मजले सांगते. पहिला गळ्यालगतचा: ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक. मोत्यांचं आवडत असेल तर याच बाजूला थोडा खाली येणारा तन्मणी. दुसरा छातीपर्यंतचा: बोरमाळ, पुतळ्यांची माळ, कोल्हापुरी साज. तिसरा त्याच्याही खाली: मोहनमाळ, लक्ष्मीहार, चपलाहार. प्रत्येक मजल्यावर एकच दागिना. एका मजल्यावर दोन आले की दोघं एकमेकांत अडकतात, फोटोत दोघांपैकी एकही नीट दिसत नाही, आणि मंगळसूत्र तर शोधावंच लागतं.

कोल्हापुरी साज घ्यायचा असेल तर त्यातली पानं मोजून बघा. परंपरेनं साजात २१ पानं असतात असं सांगतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक आणि पाचूची, आणि शेवटचं डोरल्याचं. हल्ली हलक्या वजनाचे, कमी पानांचे साज मिळतात. ते घ्यायला हरकत नाही, पण कमी पानांचा आहे हे माहीत असून घ्यावा. साज घातला की त्याच मजल्यावर बोरमाळ नको.

ब्लाऊजचा गळा शिवण्याआधी ठरवा. बंद गळ्यावर ठुशी चांगली दिसत नाही, कापडावरच बसते. खोल गळ्यावर एकटी मोहनमाळ रिकामी वाटते. साडीचंही तसंच. नऊवारीवर चिंचपेटी, बाजूबंद, अंबाड्यावर सोन्याचं फूल आणि चंद्रकोर शोभते, तर जरीकाठाच्या इरकलीवर पुतळ्यांची माळ आणि पाटल्या इतक्यानंच काम होतं. गौरीहर पुजताना नेसायची पिवळी अष्टपुत्री साडी साधी असते. तिच्यावर फक्त एक बोरमाळ आणि नथ घाला, भरगच्च काही नको. पैठणीचा पदर स्वतःच इतका बोलका असतो की त्यावर रंगीत खड्यांचं काम टाळावं.

ठुशीबद्दल माझा अनुभव सांगितलाच. ठुशी घेताना दोरीची असली तर दोरी बोटभर जास्तीची ठेवायला सांगा आणि पुढं-मागं सरकणारा गोंडा ओढून बघा. दोरी नको असेल तर मागं साखळी आणि दोन-तीन कड्या असलेली घ्या, म्हणजे उन्हात एक कडी सैल करता येते. दुकानात ती घालून किमान वीस मिनिटं बसा. मान खाली घाला, वाका, कुंकू लावताना हात उचलतो तसा उचलून बघा. वधूला दिवसभर वाकूनच नमस्कार करायचे असतात.

नथ, कान, हात

नाक टोचलेलं नसेल तर प्रेसची नथ लागते. ती जेवताना, रडताना, पाठवणीला हमखास सुटते. लग्नाच्या आधी चार दिवस घरात रोज अर्धा तास घालून सवय करा, आणि नथीला बारीक मोत्यांची साखळी लावून ती केसात अडकवा. टोचलेलं नाक असेल तर नथीची तार नाकाच्या भोकाला बसते का ते दुकानातच बघा. जाड तार नंतर सोसत नाही. मोत्यांची नथ घेताना मोती हलतात का हे बोटानं दाबून पाहायचं.

जड झुबे घालायचे असतील तर कानापासून केसांत जाणारे वेल घ्या. वेल फक्त शोभेला असतात असं वाटतं, पण ते कानाच्या पाळीवरचा भार केसांवर घेतात. माझ्या आईच्या पाळ्या लोंबल्या त्या वेल न घालता वर्षानुवर्षं जड कुड्या घातल्यामुळे. बुगडी कानाच्या वरच्या कडेला टोचावी लागते. ती टोचायची तर लग्नाच्या बरेच महिने आधी, नाहीतर जखम सुकत नाही. नाही टोचायची तर चापाची बुगडी मिळते.

हातासाठी माप महत्त्वाचं. बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा असं सांगतात. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर सोळाव्या भागांतले चार, म्हणजे सव्वादोन इंच. सोन्याच्या पाटल्या-तोडे घेण्याआधी कासाराकडे जाऊन माप घ्या, सराफाकडे नव्हे. कासार हात दाबून, अंगठा आत घेऊन माप घेतो आणि त्याचा अंदाज चुकत नाही. उन्हाळ्यात हात सुजतो, तेव्हा अगदी घट्ट माप नको. चुडा भरल्यानंतर सोन्याचं हातात जातं का हेही बघा. पिछोडी ही बांगडी तर नावाप्रमाणेच सगळ्यांच्या मागे, कोपराच्या बाजूला राहते. हिरव्या काचेचा चुडा मध्ये आला की सोन्याचं काकण काचेला घासतं. कमी काम असलेल्या, गुळगुळीत काठाच्या पाटल्या या जागी चांगल्या, टोकेरी नक्षीच्या नकोत.

सोन्यात काय, मुलाम्यात काय

माझा नियम सरळ आहे. जे लग्नानंतर वर्षातून पाच-सहा वेळा तरी घातलं जाईल ते सोन्यात: मंगळसूत्र, पाटल्या, छोटी ठुशी किंवा बोरमाळ, एक कानातलं, नथ. जे एकदाच घालायचं ते चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेलं किंवा 'एक ग्रॅमचं' (साध्या धातूवर सोन्याचा पातळ थर दिलेलं): लक्ष्मीहार, कंबरपट्टा, बाजूबंद, अंबाड्याचं फूल, वाकी. लक्ष्मीहार सोन्यात केला तर त्या एकाच दागिन्यात सगळं बजेट जातं आणि नंतर तो बँकेच्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो. मात्र मुलाम्याचा दागिना घेताना आतला धातू विचारा. पितळेवरचा मुलामा घामानं दोन तासांत गळ्याला हिरवा डाग देतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी चांदीवरचाच घ्यावा.

पैंजण, जोडवी, मासोळ्या चांदीच्याच. पायात सोनं घालायचं नाही ही आपली जुनी रीत बहुतेक घरांत पाळतात.

दुकानात गेल्यावर

मधल्या मारुतीच्या बाजूनं सराफ कट्ट्याकडे चालतच जा. गाडी आत नेली तर डोकं फिरतं. सकाळी दुकान उघडल्याबरोबर जा, तेव्हा मालक स्वतः बसून दाखवतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळ्याला लाखोंनी माणसं येतात. त्या आठवड्यात पेठांत निवांत खरेदी होत नाही. दसरा-दिवाळीतही तीच गर्दी. आषाढ-श्रावणात कारागिरांकडे कामं कमी असतात. मार्गशीर्ष किंवा माघातलं लग्न असेल तर तेव्हाच ऑर्डर द्या. पितृपंधरवड्यात कुणी विकत घेत नाही, पण नुसतं बघायला आणि भाव-घडणावळ विचारायला ती वेळ फार छान.

एका दिवसात खरेदी करू नका. पहिल्या दिवशी तीन दुकानं हिंडा, फक्त बघा आणि लिहा. बरोबर वधू, तिची आई आणि एक शांत माणूस असावं. सहा-सात जणी गेल्या की वधूचा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

आता शुद्धतेचं. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, म्हणून शिक्क्यात ९१६ दिसतं. हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेचा शिक्का असलेल्या दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ के ९१६), आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. हा क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो. पाटल्यांची जोडी घेतली तर दोन पाटल्यांवर दोन वेगळे क्रमांक हवेत. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या, क्रमांक टाका, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळते का बघा. हे दुकानातच, पैसे देण्याआधी करा. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना, कुंदन, पोलकी आणि जडाऊ कामाला, आणि वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या सोनाराला हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. तेव्हा बारीक नथीवर शिक्का नसला म्हणून घाबरू नका, पण शुद्धता बिलावर लिहून घ्या. आजीच्या पाटल्यांवर शिक्का नसणारच, त्या ठेवायला किंवा विकायला काही अडचण नाही.

घडणावळीचा फरक किती पडतो हे हिशेबानं बघा. सोपा आकडा धरू: भाव ग्रॅमला १०,००० रुपये आणि दागिना २० ग्रॅमचा. सोन्याचे २,००,०००. एका दुकानात घडणावळ १२ टक्के, म्हणजे २४,०००. एकूण २,२४,००० आणि त्यावर ३ टक्के जीएसटी ६,७२०, मिळून २,३०,७२०. दुसऱ्या दुकानात घडणावळ १८ टक्के, म्हणजे ३६,०००. त्यावर ७,०८० जीएसटी, मिळून २,४३,०८०. सोनं तेवढंच आणि फरक १२,३६०. ठुशीसारख्या बारीक मण्यांच्या कामाला घडणावळ जास्त असणं योग्य आहे, हाताचं काम आहे ते. पण साच्यातल्या साध्या बांगडीला तीच टक्केवारी लावली तर बोला. घडणावळीवर घासाघीस करायला लाजू नका, सोन्याच्या भावावर मात्र ती होत नाही. ऑर्डर देताना भाव बांधून घेता येतो का विचारा: काही दुकानं आगाऊ रक्कम घेऊन त्या दिवशीचा भाव धरतात. बांधला असेल तर तसं पावतीवर लिहून घ्या.

वजन दोन प्रकारचं असतं: एकूण आणि निव्वळ. मोती, खडे, लाख, दोरी यांचं वजन वजा करून उरतं ते निव्वळ सोनं, आणि सोन्याचा भाव त्यालाच लागतो. बिलावर दोन्ही वेगळी लिहिलेली हवीत. दोन लाखांहून जास्तीची खरेदी असेल तर पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं देता-घेता येत नाही. म्हणून चेक किंवा बँकेतून द्यायची तयारी ठेवा.

बिल वधूच्या नावानं करा. आईबापांना यात काही अडचण वाटू नये. मुलीला मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन आहे. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी ठेवण्याची तरतूदही कायद्यात आहे, १९८५ च्या नियमांनुसार ती वधू-वरांच्या सह्यांची असते. आपल्याकडे याद्या होतातच, त्यात दागिन्याचं नाव, वजन आणि कुणी दिला एवढं जोडायचं. प्रत्येक दागिन्याचा काट्यावर ठेवलेला फोटो काढून ठेवा.

लग्नाच्या आठवड्यात

दागिने आधी आठवडाभर घरी आणून एकदा सगळे एकत्र घालून बघा, साडी-ब्लाऊजसकट. प्रत्येक फास, प्रत्येक गाठ ओढून बघा. सैल वाटलेलं लगेच पटवेकऱ्याकडे द्या, कारण लग्नसराईत त्याच्याकडेही रांग असते. मोत्यांवर अत्तर आणि घाम बसला की त्यांची चकाकी जाते, म्हणून अत्तर आधी मारा, मोती सगळ्यात शेवटी घाला आणि उतरवताना सगळ्यात आधी काढा. मऊ सुती कापडानं पुसून ठेवा.

एकाच बाईवर दागिन्यांची जबाबदारी द्या. मंडपात तिच्या पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, मऊ रुमाल आणि एक रिकामा डबा असावा. हळदीच्या वेळी सोनं अंगावर ठेवूच नका, हळदीचा रंग नक्षीत बसतो. लग्नानंतर जोडी तुळजापूरला आणि पंढरपूरला देवदर्शनाला जाते. त्या गर्दीत फक्त मंगळसूत्र आणि पाटल्या ठेवा, बाकी सगळं घरी.

वर्षभरात मंगळसूत्राची साखळी आणि ठुशीची दोरी पुन्हा दाखवायला न्या. रेशमी दोरा घामानं आतून कुजतो, वरून कळत नाही. माझ्या भाचीची ठुशी मी या दिवाळीत पटवेकऱ्याला दाखवली. त्यानं गोंड्यापाशी बोट ठेवलं आणि दोरा हातातच तुटला.